पालव्याच्या धक्क्यावरचा ताजमहाल : एका उद्‌घाटनाची कथा आणि दंतकथा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे विद्यालय ही व्याख्यानमाला चालवते, त्यांच्या नावाने उभे राहून बोलताना विषय इतिहासाचा असावा हे ओघानेच आले. मात्र तो विषय एका हॉटेलचा असावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहास म्हटला की लढाया, तह, राजवंश आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. शाळेच्या व्यासपीठावरून हॉटेलची कथा कशासाठी सांगायची, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की बंदराच्या शहरात उभे राहणारे मोठे हॉटेल हा त्या शहराचा उंबरठा असतो. तेथे कोणाचे स्वागत होते, कोणाला अडवले जाते, आत कोण जेवते आणि मागच्या दाराने कोण राबायला येते, यावरून त्या समाजाची घडण जितकी स्पष्ट दिसते तितकी ती एखाद्या तहाच्या कलमांतून क्वचितच दिसते.

आज मी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलविषयी बोलणार आहे. १६ डिसेंबर १९०३ रोजी ते उघडले. या उद्‌घाटनाविषयी दोन गोष्टी आपण सर्वांनी ऐकलेल्या आहेत. पहिली अपमानाची आणि त्याच्या परतफेडीची, दुसरी उलट्या बांधल्या गेलेल्या इमारतीची आणि वास्तुकाराच्या आत्महत्येची. या दोन्ही गोष्टी पुराव्याच्या कसोटीला लावून पाहाव्यात आणि त्यांच्या आड कोणती माणसे झाकली गेली ते शोधावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू. झाकली गेलेली ती माणसे बरीचशी आपलीच आहेत, म्हणून तर हा विषय मी या गोमंतकीय सभेपुढे आणला.

(१) बंदर

हॉटेलच्या आधी बंदराची ओळख करून घेतली पाहिजे. मुंबई हा सात बेटांचा पुंजका. कोळी, आगरी, भंडारी यांची ती वस्ती. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या विवाहाच्या १६६१ च्या करारान्वये ही बेटे इंग्लंडच्या राजाकडे गेली, पण प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ साल उजाडले. गोव्यातील पोर्तुगीज सत्ताधीश ती द्यायला राजी नव्हते. या बंदराचे मोल लिस्बनपेक्षा गोव्याला अधिक कळले होते, असेच म्हणावे लागेल. पुढे १६६८ मध्ये राजाने ती वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

ज्या धक्क्यावर हे हॉटेल उभे आहे त्याचे देशी नाव पालवा बंदर. ‘अपोलो’ हे त्याचेच इंग्रजांच्या तोंडी झालेले रूप असल्याचे मानले जाते. ग्रीकांच्या सूर्यदेवाचा त्याच्याशी काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्याचे रूप झपाट्याने पालटले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. शहराचा जुना तट पाडला गेला, समुद्रात भरणी घालून नव्या जमिनी मिळवण्यात आल्या, आणि १८६५ मध्ये सट्ट्याचा तो फुगा फुटून कित्येक पेढ्या बुडाल्या. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपहून निघालेल्या आगबोटीचे हिंदुस्थानातील पहिले मोठे बंदर म्हणजे मुंबई, हे समीकरण पक्के झाले.

आगबोटींबरोबर प्रवासी आले आणि प्रवाशांच्या मागोमाग हॉटेले आली. पूर्वेच्या सागरी मार्गावर त्या काळी अशी हॉटेले ठिकठिकाणी उभी राहत होती. कोलंबोचे गॅल फेस १८६४ चे, सिंगापूरचे रॅफल्स १८८७ चे. मुंबईत वॉटसन यांचे एस्प्लनेड हॉटेल १८७१ च्या सुमारास सुरू झाले. त्याचा संपूर्ण लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने येथे आणून जोडलेला होता. १८९६ मध्ये मार्क ट्वेन तेथे उतरला होता आणि त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे तेथेच प्रथम दाखवली गेली. इमारत इंग्लंडची, मालक इंग्रज आणि पाहुणेही गोरे, असा तो सगळा मामला होता.

(२) प्लेगचे सावट

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात एका गोमंतकीय डॉक्टरांनी एका रोग्याची परीक्षा केली आणि हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान निर्भयपणे जाहीर केले. हे डॉक्टर म्हणजे आपल्या बार्देशातील हडफडे गावचे आकासियो गाब्रिएल व्हिएगश. त्यांच्या निदानावर आधी शंका घेतली गेली, पण ते खरे ठरले. त्यानंतरच्या काही महिन्यांत मुंबईने जे पाहिले त्याचे वर्णन करणे कठीण आहे. गिरण्या ओस पडल्या, घरे उघडी टाकून लोक गावोगावी पळाले. खानेसुमारीचे आकडे पुरेसे बोलके आहेत. १८९१ मध्ये शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. वाढीची सवय झालेल्या या शहराने दहा वर्षांत पाऊण लाखाच्या घरात नव्हे तरी पंचेचाळीस हजारांहून अधिक माणसे गमावली होती.

अशा काळात एका वृद्ध होत चाललेल्या उद्योगपतीने याच शहरात आशियात नावाजले जाईल असे हॉटेल बांधण्याचे मनावर घेतले. जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीस झाला. नवसारी तेव्हा बडोदे संस्थानात होती, म्हणजे गायकवाडांच्या मराठी राज्यातला हा पारशी मुलगा. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली होती. पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था, जलविद्युत आणि हॉटेल अशी चार स्वप्ने त्यांच्यापुढे होती. त्यांतील पहिल्या तिन्हींचे महत्त्व कोणालाही पटेल. हॉटेल मात्र घरच्यांनाही पटले नव्हते. बंगलोरला विज्ञानसंस्था काढणारा, लोखंडाचा कारखाना उभारणारा माणूस आता भटारखानाही काढणार काय, असे त्यांच्या बहिणीने विचारल्याची आठवण सांगतात. जमशेटजींनी या हॉटेलसाठी पेढीचा पैसा न घेता स्वतःचा घातला, यावरून हा व्यवहार त्यांनाही निव्वळ नफ्याचा वाटत नसावा. प्लेगने खचलेल्या शहरावर लावलेली ती पैज होती, असे मला वाटते.

(३) अपमानाची कथा

आता पहिली दंतकथा. जमशेटजी एकदा वॉटसनच्या हॉटेलात गेले असता हिंदी म्हणून त्यांना दारातच अडवण्यात आले आणि त्या अपमानाचे उत्तर म्हणून त्यांनी ताज बांधले, असे शेकडो लेखांत आणि हजारो गप्पांत सांगितले जाते. कथा मनाला भिडणारी आहे. अडचण एवढीच, की या प्रसंगाचा समकालीन पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. उलट, मुंबईला साजेसे एकही चांगले हॉटेल नाही, ही तक्रार त्या काळी इंग्रज रहिवासीही करत होते, आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोवॅट फ्रेझर यांनी जमशेटजींना या कामी उत्तेजन दिल्याचे अभ्यासक सांगतात.

मग ही कथा टाकून द्यावी काय? इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे जरा थांबून विचार करावा. प्रसंग सिद्ध होत नाही, पण त्यामागची परिस्थिती खरी होती. वॉटसन युरोपियनांसाठीच होते. पालव्याच्या धक्क्याशेजारच्या यॉट क्लबात हिंदी माणसाला सदस्यत्व नव्हते. आपल्याच शहरात, आपल्याच समुद्राकाठी आपल्याला मज्जाव आहे, ही भावना हजारो सुशिक्षित मुंबईकरांच्या मनात ठसठसत होती. एका माणसाचा अपमान म्हणून सांगितलेली ही कथा खरे तर एका पिढीच्या अपमानाची आहे. पुरावा म्हणून तिचे मोल नाही. भावनेची खूण म्हणून आहे. हा भेद ज्याला कळला त्याला इतिहास कसा वाचावा हे बरेचसे कळले.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ताजचे दार वर्णाने बंद नव्हते, पण पैशाने होते. हिंदी आणि युरोपियन तेथे एका छपराखाली उतरू शकत, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. मात्र ते हिंदी म्हणजे संस्थानिक, बॅरिस्टर आणि गिरणीमालक. धक्क्यावरच्या कोळ्याला आणि खलाशाला ते हॉटेल बाहेरूनच पाहायचे होते. वर्णभेदाची एक भिंत पडली तेव्हा वर्गभेदाची भिंत तशीच उभी राहिली, याचा विसर पडू देऊ नये.

(४) आराखडा कोणी काढला?

ताजचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांनी केला. एक मराठी अभियंता आणि त्याचा सहकारी. व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणजे आपले बोरीबंदर, आणि मुंबई महापालिकेची इमारत या दोन्ही वास्तूंचे श्रेय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु १८७८ पासून दहा वर्षे चाललेल्या बोरीबंदरच्या कामात स्टीव्हन्स यांचे सहायक अभियंते म्हणून सीताराम खंडेराव उभे होते. त्या इमारतीवरचे कोरीवकाम सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. हाताखाली काम करता करता एक सबंध पिढी तयार झाली होती. पुढच्या पायरीवर पाऊल ठेवण्याची संधी तिला सरकारने दिली नाही, ती एका पारशी उद्योगपतीने दिली. वॉटसनचे हॉटेल इंग्लंडहून तयार सांगाड्याच्या रूपात आले. ताजचा कागदावरचा पहिला विचार मुंबईत, मुंबईकरांच्या डोक्यातून निघाला. या दोन इमारतींच्या मध्ये तीस वर्षांचे अंतर आहे, पण त्यांतला खरा फरक हा आहे.

वैद्यांना मात्र आपली इमारत पुरी झालेली पाहता आली नाही. काम पुरे होण्याआधीच ते निवर्तले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने ते तडीस नेले. प्रत्यक्ष बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी कंत्राटदार यांचे. आत शिरल्यावर मधोमध जो अधांतरी भासणारा प्रसिद्ध जिना दिसतो, त्याची रचनाही त्यांचीच. मराठी, पारशी आणि इंग्रज अशा अनेक हातांनी ही वास्तू घडली. घुमट, मनोरे, गॅलऱ्या यांतही गुजरात, राजस्थान आणि युरोप यांची सरमिसळ आहे. तिला शुद्ध कोणत्याच शैलीची म्हणता येत नाही, आणि मुंबईची वास्तू म्हणून तेच तिला शोभते.

(५) १६ डिसेंबर १९०३

जमशेटजींनी सामानाची निवड जातीने केली. डुसेलडॉर्फहून विजेची यंत्रे, बर्लिनहून झुंबरे, पॅरिसहून लोखंडी खांब, अमेरिकेतून पंखे असे साहित्य जहाजांनी येत राहिले. विजेच्या दिव्यांनी उजळलेले मुंबईतील हे पहिले हॉटेल. लिफ्ट होती, तुर्की पद्धतीचे स्नानगृह होते, बर्फ करण्याची यंत्रे होती, कपडे धुण्याची स्वतंत्र व्यवस्था होती. घराघरात समई आणि चिमणी जळत असलेल्या त्या काळात बंदरात शिरणाऱ्या आगबोटीवरून हा उजेड दिसू लागला, तेव्हा पाहणाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

परंतु उद्‌घाटनाचा दिवस तसा साधाच गेला. इमारतीचे काम अद्याप पुरे झालेले नव्हते. पहिल्या दिवशी पाहुणे आले अवघे सतरा. एवढ्या मोठ्या वास्तूत सतरा माणसे! आज उद्‌घाटन म्हटले की मंत्री, फीत, छायाचित्रकार आणि जाहिराती यांची दाटी होते. ताजच्या उद्‌घाटनातला हा ओकेबोकेपणा मला फार बोलका वाटतो. पैज लावली होती, पण ती जिंकल्याची चिन्हे अजून दिसत नव्हती.

ती जिंकलेली पाहायला जमशेटजी उरले नाहीत. पाचच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था आणि जलविद्युत केंद्र या तिन्ही गोष्टी त्यांच्या पश्चात झाल्या. बंगलोरच्या संस्थेची स्थापना १९०९ ची, खोपोलीची वीज त्याही नंतरची. चार स्वप्नांपैकी ज्याला घरच्यांनी भटारखाना म्हटले, तेवढे एकच त्यांना डोळ्यांनी पाहता आले.

येथे आणखी एक समज दूर करायला हवा. गेटवे ऑफ इंडिया आधी आणि ताज मागाहून, असे अनेकांना वाटते. क्रम नेमका उलटा आहे. पंचम जॉर्ज बादशहा २ डिसेंबर १९११ रोजी पालव्यावर उतरले, त्याच्या स्मरणार्थ ३१ मार्च १९१३ रोजी कमानीचा पाया घातला गेला, आणि जॉर्ज विटेट यांनी रचलेली ती कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. म्हणजे एकवीस वर्षे समुद्रावरून येणाऱ्याला या बंदरावर प्रथम दिसे ती सरकारची कमान नव्हे, तर एका हिंदी माणसाने बांधलेले हॉटेल. साम्राज्याची वेस मागाहून आली. तिच्यातूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरची ब्रिटिश पलटण बाहेर पडली आणि हॉटेल आपल्या जागी राहिले.

(६) उलट्या इमारतीची कथा

आता दुसरी दंतकथा. वास्तुकाराने आराखडा दिला आणि तो विलायतेस गेला. परत येऊन पाहतो तो काय, इमारतीची पाठ समुद्राकडे असायची ती तोंड करून उभी किंवा तोंड असायचे तेथे पाठ. हाय खाऊन त्याने वरच्या मजल्यावरून उडी टाकली. ही गोष्ट मुंबईचे वाटाडे पर्यटकांना अजून ऐकवतात. कोणी त्या वास्तुकाराला इंग्रज म्हणतो, कोणी फ्रेंच.

वस्तुस्थिती अगदी साधी आहे. हॉटेलचे मूळ प्रवेशद्वार मुद्दामच शहराच्या बाजूला, पश्चिमेस ठेवले होते. दोन्ही बाजूंच्या पाख्यांनी वेढलेल्या प्रांगणात घोड्यांच्या बग्ग्या येऊन थांबत. अशा रचनेत धक्क्याची गर्दी दाराशी येत नाही आणि समुद्राकडची सबंध लांबी खोल्यांना मिळते. पुढे समुद्राकडून ये-जा सुरू झाली, जुन्या प्रांगणाच्या जागी जलतरण तलाव झाला आणि मूळ पुढची बाजू मागची होऊन बसली. इमारत फिरली नाही, वापर फिरला. आत्महत्या कोणी केली नाही. मूळ रचनाकार वैद्य तर काम पुरे होण्यापूर्वीच वारले होते. मागाहून येऊन चूक पाहायला ते होते कोठे?

पण माझा आक्षेप या गोष्टीच्या खोटेपणावर नाही. दंतकथा खोट्या असायच्याच. तिच्यात भूमिका कशा वाटल्या आहेत ते पाहा. आराखडा काढणारा गोरा आहे, बुद्धी त्याची आहे, दुःखही त्याचेच आहे. चूक करणारे देशी गवंडी आहेत, त्यांना नकाशा धड वाचता येत नाही. म्हणजे ज्या इमारतीचा आराखडा हिंदी अभियंत्यांनी काढला आणि हिंदी कंत्राटदाराने जी बांधली, तिचे कर्तेपण एका काल्पनिक परदेशी माणसाला बहाल झाले आणि आपल्या वाट्याला काल्पनिक मूर्खपणा आला. ही कथा साहेबाने पसरवली असती तर समजण्यासारखे होते. आपणच ती चवीने सांगत आलो. सीताराम खंडेराव वैद्य हे नाव मराठी शाळांत किती मुलांना ठाऊक आहे? न घडलेली आत्महत्या सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या माणसाचे काम पुसायला शत्रू लागत नाही, एक रंगतदार गोष्ट पुरते.

(७) मागच्या दाराने आत गेलेले गोमंतकीय

मित्रहो, आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. वैद्यांचे नाव निदान कागदोपत्री उरले. त्या हॉटेलात आणि तशाच इतर हॉटेलांत आयुष्य घालवलेल्या शेकडो गोमंतकीयांची नावे तेवढीही उरली नाहीत.

पोर्तुगीज राजवटीत गोव्यात शेतीपलीकडे उपजीविकेचे साधन फारसे नव्हते. आपला माणूस आगबोटीने मुंबई गाठी. हिंदू कुटुंबे गिरगावच्या चाळींत बिऱ्हाडे करीत; ख्रिस्ती तरुण धोबीतलाव आणि आसपासच्या कुडींत उतरत. ‘कूड’ म्हणजे एकेका गावाने मुंबईत घेतलेली सामायिक खोली. तेथे अंथरूण पसरण्यापुरती जागा, एक पेटी ठेवण्याची सोय आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना. तेथून कोणी जहाजावर जाई, कोणी साहेबाच्या घरी बटलर होई, कोणी हॉटेलच्या मुदपाकखान्यात शिरे, कोणी बँडमध्ये व्हायोलिन अथवा ट्रंपेट वाजवी. गावच्या चर्चमधील संगीतशाळेत लहानपणी गिरवलेले स्वरलेखन असे शंभर कोसांवर पोट भरण्याच्या कामी आले.

ताजच्या मुदपाकखान्याचे प्रमुखपद पुढे मिगेल आर्कांजो मास्कारेन्हास या गोमंतकीय पाकविशारदाने भूषविले. ‘मास्की’ या नावाने ते प्रसिद्ध होते. १९३५ नंतर अमेरिकेतील कृष्णवर्णी जॅझ वादक ताजमध्ये येऊ लागले आणि त्यांच्या शेजारी बसून आमच्या मुलांनी ती विद्या आत्मसात केली. मूळ गोमंतकीय घराण्यातील मिकी कुरैया यांचा बँड १९३९ पासून १९६० पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, ताजमध्ये वाजत होता. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतील नाचगाण्यांना ओहोटी लागली आणि हे वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ मधील, १९५१ सालच्या त्या गाण्यांमधील ट्रंपेट ऐकताना ताले धरणाऱ्या किती मराठी श्रोत्यांना ठाऊक असेल, की त्या ठेक्याची वाट हळदोण्याच्या चर्चपासून मुंबईच्या हॉटेलांवरून आलेली आहे? मुंबईच्या बँडमध्ये वाढलेले कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांनी पुढे १९६३ मध्ये ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढला. हॉटेलच्या नाचघरात कमावलेले असे घरीही आले.

ही नावे मी घेतली ती त्यांची कीर्ती झाली म्हणून. त्यांच्यामागे किती खानसामे, किती वाढपी, किती बँडवाले आपल्या गावांतून गेले आणि निवृत्त होऊन एखाद्या पत्र्याच्या पेटीसह परत आले, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही.

(८) नंतरची परीक्षा

पुढच्या शतकाचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. पहिल्या महायुद्धात हेच हॉटेल सहाशे खाटांचे रुग्णालय झाले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नौसैनिकांनी उठाव केला तो याच पाण्याच्या काठी. १९७३ मध्ये शेजारी उंच मनोरा उभा राहिला. ज्या समुद्राने या शहराला वैभव दिले त्याच समुद्रमार्गे २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा अतिरेकी कराचीहून आले. त्या हल्ल्यात मुंबईत १६६ माणसे मारली गेली. ताजमधील चकमक २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत चालली. त्या तीन रात्रींत हॉटेलच्या आचाऱ्यांनी, वाढप्यांनी, दूरध्वनी सांभाळणाऱ्यांनी पाहुण्यांना सोडून जाण्याचे नाकारले, आणि त्यांतील काहींनी प्राण दिले. मागच्या दाराने आत येणाऱ्यांनी पुढच्या दाराच्या पाहुण्यांचे रक्षण केले. १५ ऑगस्ट २०१० रोजी जुनी इमारत दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. हे तिचे दुसरे उद्‌घाटन. हॉटेलात बळी गेलेल्यांची नावे तेथील स्मारकावर कोरलेली आहेत. पाहुणे आणि नोकर यांची नावे तेथे एकाच ओळीत आली, यासाठी शंभरावर वर्षे आणि एवढी मोठी आपत्ती लागली.

२०१७ मध्ये या इमारतीच्या बाह्याकृतीची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. वास्तूला असे संरक्षण मिळण्याचा भारतातील तो पहिलाच प्रसंग. घुमटाची आकृती आता कायद्याने सुरक्षित आहे. ती प्रथम कागदावर उतरवणाऱ्यांचे नाव सुरक्षित ठेवणारा कायदा नाही. ते काम शाळांचे आहे.

(९) आपला किनारा

हे सारे मुंबईचे झाले. पण जलतटावरचे नवे हॉटेल ही गोष्ट आता गोव्यालाही नवी राहिलेली नाही. पणजीत मांडवीच्या काठी हॉटेल मांडवी उघडले ते १९५२ मध्ये, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या निमित्ताने, पोर्तुगीज अमलातच. मुक्तीनंतर १९७४ मध्ये सिकेरीला आग्वाद किल्ल्याच्या बुरुजांना लागून ताज समूहाचेच विश्रामस्थान उभे राहिले आणि १९८३ मध्ये राष्ट्रकुलाचे प्रमुख तेथे विश्रांतीस आले. आग्वाद या नावातच पाणी आहे. लांबच्या प्रवासाला निघालेली गलबते तेथील झऱ्याचे गोडे पाणी भरून घेत. त्याच किल्ल्याच्या तुरुंगात गोवामुक्तीचे सत्याग्रही खितपत पडले होते. एकाच टेकडीवर झरा, तुरुंग आणि विलासी हॉटेल. यांपैकी कोणत्या गोष्टीचे चित्र पर्यटनाच्या पुस्तिकेवर येते, ते मी सांगायला नको.

हॉटेले होऊ नयेत, असे मी म्हणत नाही. प्लेगने खचलेल्या मुंबईला ताजने धीर दिला आणि आपल्या कित्येक घरांत त्यामुळे चूल पेटली, हे मी आताच सांगितले. मात्र यापुढे आपल्या नदीकाठी वा समुद्रकाठी एखादे नवे हॉटेल उघडले, की फीत कोणी कापली यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. हा काठ पूर्वी कोणाच्या वहिवाटीचा होता आणि आता त्याला तेथे पाय ठेवता येतो काय? ही वास्तू कोणाच्या डोक्यातून आणि कोणाच्या हातांनी उभी राहिली? आणि आत राबणारी माणसे कोठून येतात, कोणत्या खोलीत निजतात? या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली तर पुढच्या पिढीला दंतकथांवर गुजराण करावी लागणार नाही.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा, पणजोबा, काका, मामा मुंबईच्या हॉटेलांत, जहाजांवर, बँडमध्ये नोकरीला होते. त्यांची शिफारसपत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, गणवेशातली छायाचित्रे अजून कोठेतरी पेटीच्या तळाशी असतील. ती वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी विद्यालयाकडे आणून द्या. विद्यार्थ्यांनी सुटीत गावातील वृद्धांकडे बसावे, त्यांचे ऐकावे आणि नाव, गाव, साल, कामाचे ठिकाण एवढ्या चार गोष्टी तरी वहीत नोंदवाव्यात. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही, चिकाटी लागते. या विद्यालयाच्या ग्रंथालयात अशी एक वही तयार झाली, तर गुरुवर्यांच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानांपेक्षा तिचे मोल अधिक ठरेल.

ताजचा पाया पालव्याच्या भरणीत आहे. भरणी कशाची असते? दगडाची, मातीची, आणि ती डोक्यावरून वाहणाऱ्यांच्या श्रमाची. वर घुमट दिसतो, भरणी दिसत नाही. ती दाखवणे हे इतिहासाचे काम आहे.